घरातली गोष्ट घरातच?

डोंगरावरचा जुना बंगला, आजारी सून, जेवणाच्या टेबलावर बोलायला बंदी आणि भिंतींवर सरकणारी बुरशी. ‘मेक्सिकन गॉथिक’ ही कादंबरी अंगावर काटा आणतेच, पण ती मिटून ठेवल्यावर जास्त त्रास देते.

समजा, तुमच्या एका कझिनचं नुकतंच लग्न झालंय. लहानपणी एकाच पांघरुणात शिरून जिच्याकडून गोष्टी ऐकल्या, तीच ही. लग्न जरा घाईतच उरकलं. सासर लांब, डोंगरात, संपर्क जवळजवळ नाहीच. आणि काही महिन्यांनी तिचं एक पत्र येतं. नवरा मला विष घालतोय, या घराच्या भिंतींत कोणीतरी आहे, ते माझ्याशी बोलतं, मला इथून सोडवा. अक्षर वेडंवाकडं, विचार तुटक. तुम्ही काय कराल? खरं खरं सांगा. बॅग भराल, की घरचे म्हणतील तसं ‘तिला जरा आराम पाहिजे’ म्हणून सोडून द्याल?

सिल्व्हिया मोरेनो-गार्सिया यांची ‘मेक्सिकन गॉथिक’ ही कादंबरी इथूनच सुरू होते. 2020 मध्ये आलेल्या या पुस्तकाला पुढच्याच वर्षी भयकादंबरीसाठीचं लोकस पारितोषिक मिळालं. लेखिका जन्माने मेक्सिकन, राहते कॅनडात. हॉरर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतात नारायण धारप, रत्नाकर मतकरी आणि रात्री बाराचे ठोके. इथे मात्र भूत कोण आणि माणूस कोण, हे ठरवायलाच अर्धं पुस्तक जातं.

आधी माणसं ओळखून घ्या

साल 1950. नोएमी ताबोआदा मेक्सिको सिटीत राहणारी, 22 वर्षांची, म्हणजे तुमच्या-माझ्याच वयाची. बाप श्रीमंत, रंगांच्या धंद्यातला. नोएमीला पार्ट्या आवडतात, भारी कपडे आवडतात, सिगारेट आवडते आणि मुलांना झुलवत ठेवायलाही आवडतं. शिवाय तिला मानववंशशास्त्रात एम.ए. करायचंय. ही दोन वाक्यं एकाच मुलीबद्दलची आहेत, हे तिच्या आजूबाजूच्या कोणालाच पटत नाही. आधी नटवी ठरवली की पोरगी हुशार असूच शकत नाही, हा नियम तिथेही होता.

कॅटलिनाचं पत्र येतं तेव्हा नोएमीच्या वडिलांना काळजी वाटते, नाही असं नाही. पण त्या काळजीत अर्धा वाटा बदनामीच्या भीतीचा असतो. वर्तमानपत्रात छापून आलं तर? म्हणून ते लेकीशी सौदा करतात: तू जाऊन बघून ये, मी तुला एम.ए. करू देतो. घराण्याची अब्रू आणि पोरीचं शिक्षण एकाच तराजूत. हे वाचताना ‘मेक्सिको’ हा शब्द काढून दुसरा कुठलाही घातला तरी चाललं असतं, असं वाटत राहतं.

मग नोएमी पोचते ‘हाय प्लेस’ या बंगल्यात. एल ट्रिउन्फो नावाच्या काल्पनिक गावाच्या वर, धुक्यात उभं असलेलं डॉईल या इंग्रज घराण्याचं घर. एकेकाळी त्यांची चांदीची खाण होती, आता ती बंद. वैभव गेलं, मिजास मात्र तशीच. घराची व्यवस्था बघणारी फ्लॉरेन्स म्हणजे चालतंबोलतं नियमांचं पुस्तक. जेवताना बोलायचं नाही. घरात सिगारेट ओढायची नाही. पाहुणीने आपल्याच बहिणीला भेटायचं तर तेही त्यांनी ठरवलेल्या वेळेत.

कॅटलिनाचा नवरा व्हर्जिल देखणा, मृदू बोलणारा आणि थंड. तुम्ही एक प्रश्न विचारला की तो असं हसतो की तुम्हालाच आपला प्रश्न मूर्खपणाचा वाटावा. त्याचा बाप हॉवर्ड हा या कुटुंबाचा कर्ता: जराजर्जर, अंगाला कुजका वास, आणि पहिल्याच भेटीत नोएमीच्या रंगावर बोलणारा. तू तुझ्या बहिणीपेक्षा बरीच सावळी आहेस, असं तो सहज म्हणून जातो. फ्लॉरेन्सचा मुलगा फ्रान्सिस हा त्यातल्या त्यात माणूस वाटणारा: फिकट, भित्रा, मशरूमचा अभ्यास करणारा, चित्रं काढणारा. आणि एक पात्र आधीच मेलेलं आहे. हॉवर्डची मुलगी रूथ. तिने लग्नाच्या तोंडावर बंदूक घेतली, घरातल्या माणसांवर गोळ्या झाडल्या आणि मग स्वतःवर. का, हे घरात कोणी विचारत नाही.

‘तिचं डोकं ठिकाणावर नाही’

कादंबरीतली सगळ्यात मोठी मारामारी बंदुकीची किंवा भुताची नाही. ती आहे कोणाचं म्हणणं खरं धरायचं याची.

कॅटलिना म्हणते, भिंती बोलतात. घरचा डॉक्टर म्हणतो, तिला क्षय झालाय, ताप आहे, म्हणून भ्रम होतात. डॉक्टर घराण्याचाच, वर्षानुवर्षांचा, त्यामुळे विषय संपला. ‘गॅसलाइटिंग’ हा शब्द आपण आता रील्समध्ये चहाच्या कपासारखा वापरतो, पण तो आलाय 1938 सालच्या पॅट्रिक हॅमिल्टन यांच्या ‘गॅस लाइट’ या नाटकावरून. त्यात नवरा बायकोला पद्धतशीरपणे पटवत जातो की तुलाच भास होतायत. हाय प्लेसमध्ये हे काम एकटा नवरा करत नाही, अख्खं घर करतं. आणि हळूहळू नोएमीलाही रात्री झोपेत चालायची सवय लागते, विचित्र स्वप्नं पडतात, खोलीतल्या वॉलपेपरवरची बुरशी हलताना दिसते. मग तेच प्रेमळ आवाज तिलाही म्हणू लागतात, तू दमली आहेस, तू बरी नाहीयेस.

वॉलपेपर उगीच आलेला नाही. शार्लट पर्किन्स गिलमन यांची ‘द यलो वॉलपेपर’ ही 1892 मधली कथा जाणकारांना लगेच आठवेल. त्यात डॉक्टर नवरा बायकोला ‘विश्रांती’साठी एका खोलीत ठेवतो, लिहायला मनाई करतो, आणि तिला भिंतीवरच्या कागदामागे एक बाई रांगताना दिसू लागते. गिलमन यांना स्वतःला अशी सक्तीची विश्रांती घ्यावी लागली होती. सव्वाशेहून अधिक वर्षं झाली तरी भिंतीमागची बाई काही बाहेर आलेली नाही, एवढंच मोरेनो-गार्सिया सांगतायत.

गॉथिक हा प्रकार मुळातच अशा घरांचा आहे. होरेस वॉलपोल यांच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ (1764) पासून सूत्र साधारण तेच: मोठं घर, घराण्याचा अभिमान, बंद खोली आणि त्या खोलीत वारशाबद्दलचं एक सत्य. ‘जेन एअर’ (1847) मध्ये माळ्यावर पहिली बायको कोंडलेली. ‘रिबेका’ (1938) मध्ये मेलेल्या पहिल्या बायकोची सावली घरभर. दरवेळी बाहेरून आलेली एक तरुण मुलगी विचारते, त्या दाराच्या मागे काय आहे? आणि दरवेळी उत्तर येतं, तिकडे जायचं नाही.

चांदी कुणाची, थडगी कुणाची

एल ट्रिउन्फो काल्पनिक असलं तरी त्याच्यामागे एक खरं गाव आहे. मेक्सिकोच्या इदाल्गो राज्यातलं रेआल देल मोंते. 1824 मध्ये तिथल्या चांदीच्या खाणी चालवायला लंडनमध्ये एक कंपनी निघाली आणि इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधून खाणकामगार वाफेची इंजिनं घेऊन तिथे गेले. कंपनीने 1849 मध्ये हात टेकले, पण माणसांच्या खुणा राहिल्या. आजही त्या गावात ‘पास्ते’ मिळतात. करंजीच्या आकाराचे, आत मांस-बटाटा भरलेले, कॉर्नवॉलहून आलेले आणि मेक्सिकोत येऊन मिरची खायला शिकलेले. आणि गावाजवळच्या टेकडीवर, झाडांत, धुक्यात एक इंग्रजी दफनभूमी आहे. कादंबरीतली दफनभूमी तिच्यावरूनच सुचलेली.

गंमत म्हणजे या गोष्टीचा एक धागा भारतापर्यंत येतो. रेआल देल मोंतेच्या त्या कंपनीमागे जॉन टेलर नावाचे खाण अभियंते होते. त्यांच्याच नावाच्या ‘जॉन टेलर अँड सन्स’ने 1880 पासून कोलारच्या सोन्याच्या खाणी चालवल्या. होय, तोच केजीएफ. तिथेही कॉर्नवॉलचे लोक आले. म्हणजे डॉईलसारखी माणसं फक्त पुस्तकात नव्हती.

कादंबरीत डॉईल कुटुंबाने इंग्लंडहून मातीसुद्धा पेट्यांत भरून आणलेली असते. परक्या देशाची माती बागेला चालत नाही, चांदी मात्र चालते! साथीत इंग्रज कामगार मेले, त्यांच्या थडग्यांवर नावं आहेत. मेक्सिकन कामगार मेले, त्यांचं काय झालं? नोएमी हा हिशेब विचारायला लागते तेव्हा हॉरर वाढायला लागतो. मोठ्या घराण्याचं गुपित शोधायचं असेल तर तिजोरीआधी मजुरांची यादी बघावी, हे या पुस्तकातून शिकण्यासारखं आहे.

‘आपल्यातलंच’ रक्त

हॉवर्डच्या टेबलावर कसली नियतकालिकं असतात? वंशशुद्धीची. ‘युजेनिक्स’ हा शब्द 1883 मध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी काढला. चांगल्या बीजाची माणसं वाढवा, ‘वाईट’ बीजाची थांबवा, असं सांगणारं हे तथाकथित विज्ञान पुढे अर्ध्या जगात पसरलं. मेक्सिकोतही 1931 मध्ये त्यासाठी संस्था निघाली होती. मोरेनो-गार्सिया यांनी स्वतः एम.ए.साठी एच. पी. लव्हक्राफ्ट या भयकथाकाराच्या लिखाणातल्या स्त्रिया आणि युजेनिक्सचा विचार यावर प्रबंध लिहिलाय. त्यामुळे हॉवर्डच्या तोंडची वाक्यं हवेतून आलेली नाहीत.

डॉईल घराण्यात लग्नं कोणाशी होतात? आपापसात. रूथचं लग्नही तिच्या भावाशीच, म्हणजे कझिनशी, ठरवलेलं होतं. तिचं प्रेम होतं खाणीतल्या एका मेक्सिकन मुलावर. तो मुलगा एके दिवशी गायब झाला. आता परत वर जाऊन तिची बंदूक आठवा.

इथे थांबून आपल्याकडे बघायचा मोह होतोच. 1916 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये, पंचविशीतल्या भीमराव आंबेडकरांनी एक निबंध वाचला होता. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावण्यामुळे, आणि ही चौकट सांभाळण्याचा भार बाईवर पडतो, हा त्याचा गाभा. नोएमीला जो विषय शिकायचाय तोच हा विषय. तिने हा निबंध वाचला असता तर हाय प्लेसचं कोडं तिला पन्नास पानं आधी सुटलं असतं, असं मला तरी वाटतं. ‘आपल्यातलीच मुलगी पाहिजे’ हे वाक्य आपण लग्नाच्या जाहिरातीत रोज वाचतो आणि पान उलटतो. मोरेनो-गार्सिया तेच वाक्य घेतात आणि त्याचा शेवट कुठे होतो ते दाखवतात.

सावधान, पुढे स्पॉयलर आहे

पुस्तक कोरं वाचायचं असेल तर पुढचा भाग सोडून थेट शेवटच्या उपशीर्षकावर जा.

बाकीच्यांसाठी गुपित असं: डोंगरातल्या गुहेत एक बुरशी असते. स्थानिक लोकांना ती माहीत होती, औषध म्हणून ते ती जपून वापरत. आजारी हॉवर्ड तिथे पोचतो आणि ती हिसकावून घेतो. ही बुरशी माणसाला बरं करते, आयुष्य वाढवते, आणि मेलेल्यांच्या आठवणी साठवून ठेवते. घराच्या भिंतींत, जमिनीत, हवेत तिचं जाळं पसरलेलं आहे. म्हणजे कॅटलिना खरं बोलत होती. भिंतींत खरंच माणसं होती!

पण या जाळ्याला मध्यभागी एक मन लागतं. त्यासाठी हॉवर्डने स्वतःच्या पहिल्या बायकोला, अॅग्नेसला, जिवंत पुरलं. सगळं घर तिच्यावर उभं आहे. आणि हॉवर्ड मरत नाही, कारण शरीर थकलं की तो आपलं मन वंशातल्या पुढच्या पुरुषात ओततो. मुलगा म्हणजे वारस नाही, नवा सदरा. घराच्या काचांवर कोरलेला, स्वतःची शेपटी गिळणारा साप हे या घराण्याचं चिन्ह आहे. ते का, हे आता कळतं.

‘तुंबाड’ पाहिलेल्यांना इथे ओळखीचा वास येईल. राही अनिल बर्वे यांच्या त्या 2018 मधल्या चित्रपटातही 1918 चा वाडा आहे, जमिनीतली संपत्ती आहे, आणि मरता मरत नाही अशी एक म्हातारी आहे. तिथे सोनं, इथे चांदी. फरक एवढाच, की तुंबाडमध्ये बाप मुलाला हाव शिकवतो आणि हाय प्लेसमध्ये बाप मुलाच्या आतच राहायला येतो. दोन्हीकडे एक प्रश्न सारखा आहे. वारशात इस्टेट मिळते तेव्हा आणखी काय काय मिळतं?

मला सगळ्यात जास्त फ्रान्सिस लक्षात राहिला. त्याला सगळं माहीत असतं. त्याला ते चूक आहे हेही कळतं. पण बुरशी त्याच्या रक्तात आहे, आणि घर सोडायचा विचार केला तरी त्याला वाटतं की आपण बाहेर जगूच शकणार नाही. तो वाईट नाही. फक्त गप्प आहे. अशी मुलं आपल्या ओळखीत किती असतील, मोजून बघा. घरात काय चाललंय ते दिसतं, वहिनीचा सुजलेला चेहरा दिसतो, पण ‘मोठ्यांच्या भानगडीत कशाला पडायचं’ म्हणून ती आपल्या खोलीत जाऊन हेडफोन लावतात. फ्रान्सिस हेडफोनऐवजी मशरूमची चित्रं काढतो, इतकंच. त्याचं पुढे काय होतं ते मात्र नाही सांगणार.

नोएमीने नक्की काय केलं?

नोएमी काही सुपरहिरो नाही. तिला भीती वाटते, ती चिडते, चुकीच्या माणसावर विश्वास ठेवते. पण तिने केलेल्या गोष्टी साध्या आहेत आणि जमण्यासारख्या आहेत. ती स्वतः गेली. बहिणीला एकटीला भेटायचा हट्ट धरला. घरच्या डॉक्टरवर न थांबता गावातल्या तरुण डॉक्टरला बोलावून दुसरं मत घेतलं. गावातल्या औषध देणाऱ्या म्हातारीला भेटली आणि घराण्याने न सांगितलेला इतिहास तिच्याकडून ऐकला. आम्हाला पत्रकारितेच्या वर्गात पहिल्या महिन्यात शिकवतात तेच: एकाच बाजूचं ऐकून बातमी करायची नाही, दुसरा सोर्स शोधायचा. आणि बाई सांगतेय ते अजब वाटतंय म्हणून ते खोटं असेलच असं नाही.

1950 मध्ये मेक्सिकोतल्या बायकांना राष्ट्रीय निवडणुकीत मतदानाचा हक्कही नव्हता. तो मिळाला 1953 मध्ये. आपल्याकडे त्याच 1950 मध्ये राज्यघटनेने तो सगळ्यांना एकदम दिला. कागदावर आपण नोएमीच्या पुढे होतो. घरात, जेवणाच्या टेबलावर, कोणाला बोलायची परवानगी आहे, हा मात्र वेगळा हिशेब आहे.

वाचायचं ठरवलंत तर दोन सूचना. पहिली शंभर पानं संथ आहेत, धुक्यासारखी; धीर धरा, नंतर पुस्तक हातातून सुटत नाही. साधारण तीनशे पानं आहेत, इंग्रजी अवघड नाही. आणि दुसरी, यात लैंगिक जबरदस्तीचे प्रसंग, आत्महत्या आणि बरंच किळसवाणं वर्णन आहे. त्रास होणार असेल तर आधीच माहीत असलेलं बरं. जेवताना तर अजिबात वाचू नका, विशेषतः मशरूम असेल तर.

आणि तुमच्या फोनवर एखाद्या मैत्रिणीचा, बहिणीचा तुटक, विचित्र, अर्धवट मेसेज पडून असेल, ज्याला तुम्ही नुसता ‘टेक केअर’ पाठवून दिलात, तर त्याला आज नीट उत्तर द्या. फोन करा. नवरा, सासू, आई कोणी शेजारी नसताना बोलता येईल का, ते विचारा. प्रकरण गंभीर वाटलं तर 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे, तो तिच्याकडेही असू द्या. पुस्तक काय, पुढच्या आठवड्यातही वाचता येईल.